रस्ता झाला नाही, घरे झाली नाहीत

शहराच्या भल्यासाठी कुणीतरी काहीतरी सोडावे लागते, हे वाक्य नगरपालिकेच्या सभागृहापासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे ऐकू येते. वाक्य दिसायला सात्त्विक आहे. पण हा 'कुणीतरी' कोण, हे 'काहीतरी' काय, आणि सोडल्यावर शहराचे नेमके कोणते भले झाले, असे तीन प्रश्न विचारले की बोलणाऱ्याचा चेहरा बदलतो. आम्हाला हे तीन प्रश्न एका पाडलेल्या फुटबॉल स्टेडियमच्या निमित्ताने विचारायचे आहेत. जवळचे उदाहरण घेतले असते तर पहिल्या परिच्छेदातच पक्ष पडले असते. हा कुणाच्या बाजूने बोलतो, तो कुणाच्या, यातच वाद संपला असता आणि मूळ मुद्दा वाऱ्यावर गेला असता. म्हणून उदाहरण मुद्दाम लांबचे घेतले आहे. इतके लांबचे की तिथे आमचे नातेवाईक नाहीत, मतदार नाहीत आणि बिरादरीही नाही.

भूगोलाच्या पुस्तकात अर्जेंटिना म्हणजे पंपासचे गवत, गहू आणि गुरे. आमच्या वर्गातल्या मुलांसाठी अर्जेंटिना म्हणजे मेस्सीचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. या दोन्हींच्या मध्ये एक देश आहे आणि त्या देशात ब्यूनस आयर्स नावाचे मोठे शहर आहे. त्या शहरात बोएदो नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. मराठी वाचकाला बोएदो हे नाव आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. १९२०च्या दशकात तिथल्या साहित्यात दोन गट मानले जात. एक फ्लोरिदा या उच्चभ्रू रस्त्याच्या नावाचा, शैलीचे नवे प्रयोग करणारा. दुसरा बोएदोचा, कामगार, भाडेकरू आणि स्थलांतरितांविषयी लिहिणारा. प्रस्थापितांचे साहित्य आणि वस्तीतले साहित्य हा झगडा आपल्याला नवा नाही. तो तिथेही झाला, आणि तिथे तर त्याला रस्त्यांचीच नावे पडली.

या वस्तीला लागून अव्हेनिदा ला प्लाता या हमरस्त्यावर एक स्टेडियम होते. लोक त्याला 'गासोमेत्रो' म्हणत, म्हणजे गॅसची टाकी. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्यांच्या पायऱ्या, आणि बाहेरून पाहिले तर त्या काळच्या गॅसच्या अवाढव्य टाकीसारखा आकार. ७ मे १९१६ रोजी तिथे पहिला सामना झाला. पुढे ते वाढत वाढत सुमारे पंचाहत्तर हजार माणसे मावतील एवढे झाले. बरीच वर्षे ते देशातले सर्वांत मोठे स्टेडियम होते. १९२९च्या दक्षिण अमेरिकी स्पर्धेचे सामने तिथे झाले, अर्जेंटिनाचा राष्ट्रीय संघ तिथे खेळला. पण त्याचे मोठेपण निव्वळ आकड्यात मोजणारा माणूस त्या वस्तीतला नव्हे, एवढे नक्की. तिथे बास्केटबॉल होता, नाचगाणी होती, कार्निव्हलच्या रात्री होत्या. सामना नसलेल्या दिवशीही माणसे तिथे जात. सभासदाचे कार्ड खिशात असले की गरिबाच्या पोरालाही खेळायला, बसायला, चारचौघांत मिसळायला एक हक्काची जागा होती.

हे स्टेडियम सान लोरेन्सो दे अल्माग्रो या क्लबचे. क्लबची जन्मकथा शिक्षकांनी तरी ऐकावी अशी आहे. १९०८च्या आसपास वस्तीतली पोरे रस्त्यावर चेंडू खेळत. एक पोरगा ट्राममुळे मरता मरता वाचला. लोरेन्सो मास्सा नावाच्या पाद्र्याने ते पाहिले आणि प्रार्थनाघराचे अंगण मुलांना खेळायला दिले. शर्त एकच, रविवारी प्रार्थनेला यायचे. शर्ती घालणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत, अंगण देणारे कमी. असो. त्या अंगणातून क्लब उभा राहिला. पाद्र्यांच्या काळ्या झग्यावरून या क्लबच्या लोकांना 'कावळे' म्हणतात, आणि ते हे नाव अभिमानाने मिरवतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. अर्जेंटिनातले हे क्लब कुणा शेटजीच्या मालकीचे नाहीत. ते सभासदांचे आहेत. सभासद वर्गणी भरतात, मत देतात, पदाधिकारी निवडतात. म्हणजे गासोमेत्रोला मालक नव्हता, वारस होते. मालकाकडून जागा विकत घेता येते. वारसांकडून घ्यायची तर आधी त्यांचे तोंड बंद करावे लागते.

ती सोय २४ मार्च १९७६ रोजी झाली. लष्कराने सत्ता बळकावली. माणसे घरातून, कारखान्यातून, कॉलेजातून उचलली जाऊ लागली आणि परत आली नाहीत. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना बेपत्ता माणसांचा आकडा तीस हजार सांगतात. अशा काळात ब्यूनस आयर्सच्या नगराध्यक्षपदी ओस्वाल्दो काचियातोरे नावाचा हवाईदलाचा अधिकारी नेमला गेला. नेमला गेला म्हणतो, निवडून आला नव्हे. या गृहस्थाला शहर सुधारायचे होते. शहराच्या पोटातून उन्नत महामार्ग काढायचे, त्यासाठी घरे पाडायची, झोपडपट्ट्या 'निर्मूलन' करायच्या. निर्मूलन हा शब्द रोगासाठी वापरतात. तिथे तो माणसांसाठी वापरला गेला. लाखाहून अधिक झोपडीवासी शहराबाहेर हाकलले गेले. अनेकांचे सामान ट्रकमध्ये टाकून त्यांना शहराच्या हद्दीपलीकडे नेऊन सोडण्यात आले.

याच कार्यालयातून गासोमेत्रोच्या जागेविषयी फर्मान निघाले. कारण काय दिले? या जागेतून रस्ते काढायचे आहेत आणि घरे बांधायची आहेत. पुन्हा वाचावे, घरे. जे कार्यालय एका हाताने लाखभर लोकांची घरे मोडत होते, तेच दुसऱ्या हाताने घरांसाठी मैदान मागत होते. या विसंगतीकडे तेव्हाच्या किती वर्तमानपत्रांनी बोट दाखवले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. लष्करी राजवटीत बोटांची किंमत जास्त असते.

२ डिसेंबर १९७९ रोजी बोका ज्युनियर्सविरुद्ध तिथे शेवटचा सामना झाला. गोलशून्य बरोबरी. सान लोरेन्सोला पेनल्टी मिळाली होती, ती बोकाचा गोलकीपर ह्यूगो गात्ती याने अडवली. तब्बल त्रेसष्ट वर्षांच्या स्टेडियमला निरोपाचा गोलसुद्धा मिळाला नाही. पुढे जागा विकली गेली, फळ्या निघाल्या, लोखंड निघाले.

आणि मग? रस्ते निघाले नाहीत. घरे बांधली गेली नाहीत. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तिथे उभा राहिला तो कारफूर या फ्रेंच कंपनीचा प्रचंड बाजार. जिथे गोलपोस्ट होते तिथे साबण, बिस्किटे आणि वाहनतळ. क्लबच्या हाती सुमारे नऊ लाख डॉलर पडले होते; बाजारवाल्या कंपनीकडे जाताना त्याच जमिनीची किंमत कैक पटींनी वाढलेली होती. मधला फरक कोणत्या सार्वजनिक हितात जमा झाला?

आता या व्यवहाराची बाजू घेणारे काय म्हणतात ते ऐकू. त्यांचे म्हणणे टाळून आम्ही पुढे गेलो तर तो रडीचा डाव होईल.

पहिले म्हणणे असे की क्लब कर्जात बुडाला होता, पदाधिकाऱ्यांनी कारभार नीट केला नाही, आणि सह्या क्लबनेच केल्या. यातला कर्जाचा भाग खरा आहे. कारभार वाईट होता हेही खरे. पण कर्जबाजारी माणसाच्या गळ्याला हात घालून घर लिहून घेतले तर आपण त्याला खरेदीखत म्हणतो की लूट? नगराध्यक्ष बंदुकीच्या जोरावर बसलेला, जागेवर रस्त्यांचे आणि घरांचे फर्मान ठेवलेले, सामने बंद. अशा जमिनीला बाजारात गिऱ्हाईक किती मिळणार आणि भाव काय येणार? सही खरी असेल. संमती खरी नव्हती. आपल्या गावाकडच्या सावकारी पाशातल्या कागदांवरही अंगठे खरेच असत.

दुसरे म्हणणे जास्त सभ्य आहे. ते म्हणतात, जुने लाकडी स्टेडियम धोक्याचे होते, आज ना उद्या पडलेच असते. असेल. जगात जुनी स्टेडियम पाडली जातात. लंडनचे वेम्बली १९२३चे, तेही अखेर २००३ मध्ये पाडले. पण त्या जागी पुन्हा वेम्बलीच बांधले, बाजार नाही. म्हातारा बाप आजारी आहे म्हणून त्याची खोली भाड्याने देणाऱ्या मुलाला आपण व्यवहारी म्हणत नाही.

तिसरे म्हणणे आमच्या घरातलेच आहे, म्हणून जास्त टोचणारे. चेंडू म्हणजे वेळेचा अपव्यय. पोरांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी कमवावे. मैदान गेले तर इतके काय बिघडले? हे म्हणणारे आमच्या मोहल्ल्यात आहेत, आमच्या शिक्षकांच्या खोलीत आहेत, आणि नियतकालिकांच्या संपादकीय बैठकांतही असतील. त्यांना आम्ही एवढेच सांगतो की मैदान गेल्यावर बोएदोत काय झाले ते पाहावे. १९८१ मध्ये सान लोरेन्सो पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. देशातल्या पाच बड्या क्लबांपैकी खाली जाणारा तो पहिला. ज्यांचे घर गेले, संघ गेला, इभ्रत गेली, त्यांनी घरी बसायला हवे होते. पण १९८२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतल्या या क्लबच्या सामन्यांना, तेही उसन्या मैदानांवर, एवढी गर्दी लोटली की पहिल्या श्रेणीतले क्लब मागे पडले. लष्करी राजवट अजून संपली नव्हती. हजारो माणसांना कायदेशीरपणे एकत्र येऊन ओरडता येईल अशा जागा त्या देशात फार थोड्या उरल्या होत्या. वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांनी हा हिशेबही करावा. त्याच वर्षी संघ वर चढला.

क्लबला स्वतःचे स्टेडियम मिळायला डिसेंबर १९९३ उजाडला. बाखो फ्लोरेस या भागात 'नवे गासोमेत्रो' बांधले गेले. मग रडायचे काय कारण, असे कुणी विचारेल. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही, कारण इथे क्लबच्या लोकांचेही सगळेच चांगले नाही. नव्या स्टेडियमशेजारी मोठी झोपडपट्टी आहे. परत बोएदोला जाऊ म्हणणाऱ्यांत काहींचा सूर असा असे की या झोपडपट्टीपासून सुटका हवी. हा सूर आम्हाला खटकतो. ज्या राजवटीने तुमचे मैदान घेतले तिनेच या लोकांच्या झोपड्या मोडल्या होत्या. तुमचा आणि त्यांचा फिर्यादी एकच आणि आरोपीही एकच. हे ज्याला दिसत नाही त्याला आपल्यावर झालेला अन्यायही अर्धाच कळला.

पण बहुतेकांची मागणी याहून सरळ होती. तुम्ही जागा रस्त्यासाठी आणि घरांसाठी घेतली. रस्ता झाला नाही, घरे झाली नाहीत. जागा परत द्या.

ही मागणी त्यांनी घोषणांपेक्षा जास्त कागदांवर लढवली. चाहत्यांनी ठरावांच्या प्रती काढल्या, फर्मानांच्या तारखा जुळवल्या, जुने फोटो गोळा केले, वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. आम्ही इतिहास शिकवतो, म्हणून आम्हाला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे जागा गेली की आपण सभा घेतो, निवेदन देतो, निवेदन देतानाचा फोटो छापून आणतो आणि विसरतो. कागद मात्र ज्याने जागा घेतली त्याच्याच कपाटात राहतो.

८ मार्च २०१२ रोजी ब्यूनस आयर्सच्या प्लासा दे मायो या चौकात सान लोरेन्सोचे लोक जमले. आयोजकांच्या मते लाखावर. हा तोच चौक, जिथे १९७७पासून बेपत्ता मुलांच्या आया पांढरे रुमाल बांधून फेऱ्या मारत आल्या. मैदानाचे दुःख आणि मुलाचे दुःख आम्ही एका तराजूत घालत नाही, कुणी घालूही नये. पण दोन्ही जमावांना तिथे आणणारी राजवट एकच होती.

१५ नोव्हेंबर २०१२ रोजी शहराच्या विधिमंडळाने एकमताने कायदा मंजूर केला. त्याचे नावच 'ऐतिहासिक परतफेड' असे आहे. लष्करी काळात गेलेली जागा क्लबला परत मिळावी, कंपनीशी वाटाघाटीने जमले तर ठीक, नाही तर सक्तीने संपादन करून.

आता एक गंमत. मार्च २०१३ मध्ये ब्यूनस आयर्सचे आर्चबिशप पोप झाले, ते पोप फ्रान्सिस. ते लहानपणापासून सान लोरेन्सोचे. १९४६चा विजेता संघ आपण गासोमेत्रोत पाहिला असे ते सांगत. झाले! जगभरच्या पत्रकारांना एकदम हा क्लब सापडला. पोपचा लाडका क्लब, पोपच्या आठवणीतले मैदान, गोड गोड लेख. २०१४ मध्ये संघाने दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी लिबर्तादोरेस स्पर्धा पहिल्यांदा जिंकली, तेव्हा तर चमत्काराचीच भाषा सुरू झाली. पोप फ्रान्सिस यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. पण तारखा पाहाव्यात. कायदा त्यांच्या निवडीच्या चार महिने आधी झाला होता. तो कुणाच्या दुव्याने आला नाही, वर्गणीदारांच्या तंगड्या तुटल्या तेव्हा आला. गरिबांनी हक्काने मिळवलेली गोष्ट मोठ्या माणसाच्या मेहेरबानीच्या खात्यावर मांडायची ही सवय जगात सगळीकडे सारखी दिसते.

आणि 'परतफेड' या शब्दाचा खरा अर्थही पाहून घ्यावा. जागा फुकट परत मिळाली नाही. क्लबला ती विकत घ्यावी लागली. त्यासाठी चाहत्यांनी चौरस मीटरच्या हिशेबाने पैसे भरले. कुणी एक मीटर, कुणी दोन-चार जणांत मिळून एक मीटर. आजोबांकडून हिसकावलेले नातवाने हप्त्याने विकत घेतले! लुटीचा माल ज्याच्या हाती सापडतो त्याला नुकसान नको म्हणून लुटल्या गेलेल्यानेच भरपाई करायची, हा कुठला न्याय? कंपनी म्हणेल, आम्ही लुटले नाही, आम्ही बाजारभावाने घेतले. कायद्याने ते बरोबरही असेल. मग ज्या सत्तेने फर्मान काढले तिच्या तिजोरीने पैसे भरायला हवे होते. फर्मान शहराचे आणि बिल चाहत्यांना, याला आम्ही परतफेड म्हणायला तयार नाही. फार तर पुनर्खरेदी म्हणू.

आता आपल्या दारात येऊ, थोडक्यात. आपल्या १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्यातल्या आरक्षणाची तरतूद आहे: मैदान, बाग, शाळा, दवाखाना. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही आणि मालकाच्या नोटिशीनंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण संपते. मालकाची जमीन कायमची अडकून पडू नये, हे न्यायाचेच आहे. पण उलट दिशेने पाहिले तर? सार्वजनिक कामासाठी म्हणून घेतलेली जमीन त्या कामाला लागलीच नाही तर काय? २०१३च्या भूसंपादन कायद्यात म्हटले आहे की अशी जमीन पाच वर्षे न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत जावी, किंवा सरकारच्या भूमी-बँकेत जमा व्हावी. त्या दुसऱ्या 'किंवा'कडे नीट पाहावे. आख्खे गासोमेत्रो त्या एका अक्षरातून आरपार निघून जाईल. शिवाय शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान हवे असे लिहिले आहे. आमच्या पाहण्यातल्या कितीतरी उर्दू शाळांची मुले पी.टी.च्या तासाला गच्चीवर नाही तर गल्लीत उभी असतात, आणि गल्लीत ट्राम नसली तरी रिक्षा आणि टेम्पो असतातच. आपल्या मोहल्ल्याच्या आराखड्यात मैदानाचे आरक्षण कुठल्या जागेवर होते, आणि आज तिथे काय उभे आहे? नगररचना विभागात आराखड्याचा नकाशा पाहायला मिळतो. माहितीचा अर्ज दहा रुपयांत होतो. हे काम करायला कुणी पोप लागत नाही.

बोएदोत २०१९ मध्ये जमीन अखेर क्लबच्या ताब्यात आली. कंपनीने जागेच्या एका भागात छोटे दुकान ठेवले. उरलेल्या मोकळ्या जागेत, मोठा बाजार उठून गेल्यावर, सभासद जमले, नाचले, रडले. पुढे परवानग्या, कर्जे आणि क्लबमधली भांडणे यांत वर्षे गेली. नव्या स्टेडियमला पोप फ्रान्सिस यांचे नाव द्यायचे ठरले आहे. एप्रिल २०२५ मध्ये ते वारले. अव्हेनिदा ला प्लातावर स्टेडियम अजून उभे राहिलेले नाही. काचियातोरेच्या आराखड्यातली घरेही तिथे नाहीत.